ज्वारीच्या कोठारात बिस्किटाची न्याहारी

सकाळी सातच्या सुमारास जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या एसटी थांब्यावर दहा मिनिटे उभे राहून पाहा. टपरीवर चहाला आधण आलेले असते. कामावर निघालेल्या बायामाणसांच्या एका हातात कप, दुसऱ्या हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. शाळेला निघालेल्या पोराच्या दप्तरातून रंगीत पाकिटाचे टोक डोकावते. आणि पौष महिना असेल तर त्याच थांब्याच्या मागे, हाकेच्या अंतरावर, मालदांडीची कणसे भरत आलेली असतात.

हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण वाचकहो, हा सोलापूर जिल्हा आहे. महाराष्ट्राच्या रब्बी ज्वारीचे हे कोठार. 'मालदांडी ३५-१' हे वाण आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्वातंत्र्याच्या आधी निवडले गेले आणि अजूनही शेतकऱ्याने ते सोडलेले नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत ज्वारीची भाकरी थाळीची शोभा झाली. आणि जिथे ती पिकते, तिथल्या पोराची न्याहारी मैद्याची!

पिकते तिथे विकत नाही असे आपण म्हणतो. आता 'पिकते तिथे खात नाहीत' असे म्हणायची वेळ आली आहे. असे का झाले, यात नुकसान कुणाचे, आणि घरच्या ताटात शेतातले अन्न परत आणायचे तर सुरुवात कुठून करायची, याचा आज थोडा हिशेब मांडू. उपदेश करण्याचा हेतू नाही. उपदेश भरपूर झाले.

पुड्याचा हिशेब

आधी पैशाचे बोलू, कारण "गरिबाला परवडतं तेच खातो" हे वाक्य नेहमी ऐकू येते.

समजा, घरात पाच माणसे आहेत. दिवसाला पाच रुपयांचे दोन पुडे लागतात, एक सकाळच्या चहाबरोबर आणि एक पोरांना. दोन म्हणजे कमीच धरले. दिवसाचे दहा रुपये. महिन्याचे तीनशे. वर्षाचे ३,६५० रुपये. आता केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीला जाहीर केलेला हमीभाव पाहा : क्विंटलला ३,७४९ रुपये. म्हणजे फक्त बिस्किटांपायी त्या घरातून जवळजवळ एक क्विंटल मालदांडी जाते. पाकिटे, थंड पेयाच्या बाटल्या, टपरीवरची भजी-वडे यात धरलेलेच नाहीत.

हा एका घराचा कल्पित हिशेब झाला. देशाचा हिशेबही याच वाटेने जातो. केंद्राच्या २०२२-२३ च्या कुटुंब खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या शंभर रुपये खर्चातले पाचच्या आसपास रुपये धान्यावर गेले, आणि साडेनऊहून जास्त रुपये चहा-पेये, बाहेरचे खाणे आणि तयार पदार्थांवर गेले. धान्याचा आकडा लहान दिसतो त्याला रेशनचे धान्यही कारण आहे, हे खरे. तरीही खेड्यातले घर धान्यावर जितका पैसा खर्च करते त्याच्या जवळपास दुप्पट पुडा, पाकीट आणि टपरीवर करते, हे नाकारता येत नाही.

गंमत अशी की पाच रुपये हातातून जाताना कळत नाहीत. ज्वारीचे पोते घ्यायचे तर एकरकमी चार हजार लागतात, ते नसतात. रोज मजुरी मिळवणाऱ्याला पैसा रोजच मिळतो, म्हणून खर्चही रोजचाच होतो. पुडा विकणाऱ्याला हे नीट ठाऊक आहे. म्हणून पुड्याची किंमत पाचच राहते, आतला माल कमी-जास्त होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, नमकीन, झटपट शेवया यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाला दिलासा मिळाला हे खरे, पण पाकीट आणि भाकरी यांच्या शर्यतीत पाकिटाला एक हात आणखी मिळाला, हेही तितकेच खरे.

भाकरी घरातून गेली कशी?

लोकांची चव बिघडली म्हणून भाकरी गेली, असे म्हणणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. तीन कारणे एकात एक गुंतलेली आहेत.

पहिले कारण रेशन. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या घरात पंचवीस किलो गहू-तांदूळ. ढोबळमानाने माणशी दहा किलो धान्य लागते असे धरले तर निम्मे घर रेशनवर भागते. त्याने लाखो चुली पेटत्या राहिल्या, हे कुणी विसरू नये. टाळेबंदीच्या काळात तर हेच धान्य होते म्हणून माणसे तगली. पण फुकटचा गहू आणि चाळीस रुपयांच्या घरातली ज्वारी यांची कुस्ती लावली तर कोण जिंकणार, हे सांगायला पंच लागत नाही. कायद्यात एक रुपया किलोने भरडधान्य देण्याची तरतूद पहिल्यापासून होती. प्रत्यक्षात दुकानात आला तो मुख्यतः गहू आणि तांदूळ.

दुसरे कारण शेत. १९८० च्या दशकात राज्यात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते. आज ते वीस लाखांच्याही आत आले आहे. विदर्भ-मराठवाड्यातली खरीप ज्वारी सोयाबीनने गिळली. सोयाबीन आता राज्यात सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर आहे. आपल्याकडे उजनीचे पाणी आले तिथे ऊस उभा राहिला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, पाखरे राखायला पोर मिळत नाही, आणि उसाला निदान गिऱ्हाईक ठरलेले असते.

पण या बदलात एक गोष्ट हळूच निसटली. ज्वारीचे रान म्हणजे घरचे अर्धे किराणा दुकान होते. मधल्या पाट्यात करडई, बांधाच्या कडेला काटेरी करडईचेच कुंपण, कुठे हरभरा, कुठे जवस. खरिपात बाजरीत तूर, मटकी, हुलगा, तीळ. त्यातून भाकरी, डाळ, तेल, चटणी सगळे निघायचे. सोयाबीन आणि ऊस ही दोन्ही पिके शेतकरी पूर्ण विकतो. घरात खायला त्यातले काही येत नाही. रान हिरवेगार, आणि मालक किराणा दुकानाच्या रांगेत. त्यात तणनाशक आले. तणाबरोबर तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, चंदनबटवा या फुकटच्या भाज्याही गेल्या. त्यांची किंमत कुठल्याच सरकारी तक्त्यात नसते, म्हणून त्या गेल्याची नोंदही नाही.

आणखी एक नुकसान भूमिहीनाचे झाले. ज्वारीच्या काढणीची मजुरी पूर्वी धान्यात किंवा पेंढीत मिळे. चार आठवडे राबले की घरात काही महिन्यांची ज्वारी येऊन पडे. आता मजुरी रोख मिळते. रोख वाईट नाही, पण रोख पैसा थांब्यावरच्या टपरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

तिसरे कारण चूल

तिसऱ्या कारणाकडे आपण पुरुष मंडळी सोयीस्करपणे डोळेझाक करतो.

भाकरीचे गुणगान गाणारे बहुतेक जण भाकरी थापत नाहीत. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना चिरते, तव्यावर मोडते. बाजरीचे पीठ तर चार-आठ दिवसांत कडवट होऊ लागते. म्हणजे दळण थोडे थोडे आणि वारंवार. गिरणीची वीज असेल तेव्हा तिथे नंबर लावायचा. मग पाच माणसांना दोन वेळच्या पंधरा-वीस भाकरी, एकेक हाताने थापायची, एकेक तव्यावर उलटायची. आणि ती बाई सकाळी सातला खुरपायला जाणारी असेल, ऊसतोडीला गेलेली असेल, तर हे सारे पहाटे चारला. मग तिने पोराच्या हातात पुडा दिला तर तिला नावे ठेवायचा अधिकार कुणाला आहे?

एखादी आजी म्हणेल, "आम्ही न्हाई का केलं समदं?" केलेत आजी, खरे आहे. जात्यावर दळून केलेत. पण तुमच्या सुनेला रोजगारावर जावे लागते, गटाचा हप्ता भरावा लागतो, पोरांचा अभ्यास पाहावा लागतो. तिचे तास वाढले, हात दोनच राहिले.

म्हणून लिहावेसे वाटते, की घरचे अन्न बदलण्याची चर्चा बाईच्या कामाचा हिशेब न करता करायची असेल तर ती करूच नये. "उद्यापासून रोज भाकरी" असे घरच्या कर्त्याने फर्मावले आणि स्वतः पारावर जाऊन बसला, तर आठ दिवसांत पुडा परत येईल. यायलाच हवा.

यात धोका कुणाला?

कुणी विचारेल, "पोट भरतंय ना? मग बिघडलं कुठं?"

बिघडले आहे, आणि ते दवाखान्याच्या दारात दिसते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तर तो ६९ टक्क्यांच्या जवळ गेला. पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी. दुसऱ्या बाजूला शंभरातल्या २३ स्त्रिया वजनाने जास्त. उपासमार आणि लठ्ठपणा एकाच गल्लीत, कधी एकाच घरात राहायला आले आहेत.

मधुमेह हा शहरातल्या शेठजींचा रोग, असे आपण समजत होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. खेडी त्यातून सुटलेली नाहीत. आजार एकट्या खाण्याने होत नाही, व्यसन, ताण, आनुवंशिकता हेही आहे. पण २०२४ च्या मे महिन्यात परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६ टक्क्यांच्या वर भाग अयोग्य आहाराशी जोडलेला आहे, असे म्हटले. शेतकऱ्याच्या घरात एक मधुमेह शिरला की दर महिन्याला औषधाची चिठ्ठी. कर्जाच्या कारणांत दवाखान्याचे नाव किती वेळा येते, हे गावातल्या कुठल्याही सावकाराला विचारा.

आता ज्वारीचे काय? ती काही जादूची कांडी नाही. याच पोषण संस्थेच्या तक्त्याप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने, दहा ग्रॅम तंतू आणि चार मिलिग्रॅम लोह असते. बाजरीत लोह सहा मिलिग्रॅमच्या वर. सडलेल्या पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमही नाहीत आणि लोह एक मिलिग्रॅमच्या आत. पण अख्ख्या गव्हाच्या पिठात तंतू आणि लोह ज्वारीच्या बरोबरीने आहेत. म्हणजे गहू हा शत्रू नाही. गव्हाचा कोंडा काढून मैदा केला, त्यात साखर आणि पामतेल घातले, पाकिटात भरले, की मग प्रश्न सुरू होतो. रेशनचा गहू निवडून, गावच्या गिरणीत दळून, कोंडा चाळून न टाकता केलेली चपाती हेही साधे, सकस अन्नच आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण ज्वारी न परवडणाऱ्या माणसाच्या मनात उगाच अपराधाची भावना नको.

तसेच, पूर्वीचे सगळे सोन्याचे होते अशीही समजूत नको. १९७२ च्या दुष्काळात याच भागात खडी फोडत माणसांनी अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. कित्येक घरांत भाकरी होती, पण तिच्याबरोबर डाळ-भाजी नव्हती. मिरची आणि मीठ एवढेच. ते दिवस परत आणायचे नाहीत. आणायचे आहे ते त्या रानातले बारा प्रकारचे धान्य-कडधान्य, आताच्या सोयींसह.

सुरुवात कुठून?

सारे एकदम बदलायला गेलेले घर महिन्याभरात दमते. म्हणून क्रमाने जावे.

पहिली पायरी न्याहारीची. घरातले सगळे बदलू नका, फक्त चहाबरोबरचा पुडा बदला. रात्रीची उरलेली भाकरी कुस्करून, फोडणी देऊन किंवा ताकात कालवून पोरे आवडीने खातात. शेंगदाणा-गुळाचा लाडू, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, उकडलेल्या शेंगा, हंगामात हुरडा. याला चूल फारशी लागत नाही, म्हणून घरच्या बाईवर भार पडत नाही. मात्र गूळ म्हणजे औषध नव्हे, तोही साखरेचाच भाऊ. लाडू एक पुरे.

दुसरी पायरी तव्याची. रोज भाकरी जमत नसेल तर आठवड्यातून तीन-चार दिवस करा. आपल्या सोलापूरची कडक भाकरी तर यासाठीच आहे. एकदा निवांत बसून केलेली ती नीट वाळवून ठेवली की आठवडेच्या आठवडे टिकते. बचत गटाच्या बाया ती करून विकतात; त्यांच्याकडून घेतली तर पैसा गावातच राहतो. आणि दळण आणणे, भाकरी थापणे हे बापाने, पोरानेही शिकावे. ऊसतोडीच्या कोपीवर पुरुष भाकरी थापतात, तिथे लाज वाटत नाही, मग घरीच का वाटावी?

तिसरी पायरी डाळीची. नुसत्या भाकरीने रक्त वाढत नाही. मटकी, हुलगा, मूग, चवळी यांना मोड आणले की त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. वर लिंबू पिळावे. आणि जेवताना किंवा जेवल्याबरोबर चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. हे सांगायला पैसा लागत नाही, आणि बदलायलाही लागत नाही.

चौथी पायरी तेलाची. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो, त्यात पामतेल मोठे. घाण्याचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल किलोमागे महाग पडते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उतारा एकच, कमी वापरणे. माणशी महिन्याला एक किलोच्या आत तेल पुरेसे असते. शेंगाची चटणी, तिळाचा कूट, जवसाची चटणी खाल्ली तर तेल दाण्याबरोबरच पोटात जाते. ज्याच्याकडे दोन एकर का होईना, त्याने रब्बीत घरापुरती करडई टाकावी.

पाचवी पायरी परसाची. सांडपाण्यावर एक शेवगा, एक कढीपत्ता, दोन वेल दोडका-घेवड्याचे, अंबाडी-माठाचे दोन वाफे. 'उमेद' अभियानाने गटांच्या मार्फत पोषण परसबागा लावायला प्रोत्साहन दिले आहे. गावातल्या गटाकडे चौकशी करा. बियाणे पाकिटातलेच पाहिजे असे नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. त्यांच्या कामाची सुरुवात परसातूनच झाली होती.

आणि पाकीट घ्यायचेच झाले तर ते उलटून वाचा. मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, आणि ज्याचे वजन जास्त त्याचे नाव आधी, असा नियम आहे. पहिली तीन नावे मैदा, साखर, पामतेल अशी असतील तर पुढे काय लिहिले आहे याला फारसा अर्थ नाही. शाळेतल्या पोरीला हे वाचायला लावा. 'मिलेट' असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या पुड्यावरही हाच प्रयोग करा. भरडधान्य वर्षाच्या गाजावाजात असे पुडे पुष्कळ आले. पुढच्या बाजूला कणसाचे चित्र आणि मागे पहिले नाव मैद्याचे, असेही त्यात सापडेल. आपल्याच ज्वारीचे चित्र दाखवून आपल्यालाच मैदा विकला जात असेल तर शहाणे कोण आणि येडे कोण?

एक सावधानतेचा शब्द. ज्यांना मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी भाकरी सुरू केली म्हणून गोळ्या बंद करू नयेत. भाकरीनेही साखर वाढते, प्रमाण महत्त्वाचे. ज्या बाईच्या अंगात रक्त फारच कमी आहे तिला आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या लागतातच. ताट हा औषधाचा सोबती आहे, त्याचा बदली कामगार नाही.

सरकारने काय करावे?

घराने करायचे ते घर करील. पण सारा भार घरावर टाकून राज्यकर्त्यांना मोकळे होता येणार नाही.

शेजारच्या कर्नाटकाकडे पाहा. अक्कलकोटची सीमा ओलांडली की रेशनवर ज्वारी देण्याची पद्धत आहे. त्या राज्याच्या दक्षिण भागात नाचणी देतात. ओडिशाने २०१७ पासून भरडधान्य मोहीम चालवून आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी हमीभावाने घेतली, रेशनवर आणली, अंगणवाडीतल्या लाडवांत घातली. आपल्याकडे ज्वारीचा हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण खरेदी केंद्र कधी उघडते, कधी बारदाना नसतो, कधी मुदत संपते. जी थोडी खरेदी होते तीही रेशनवर नियमितपणे येत नाही.

मागणी साधी आहे. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या ज्वारीच्या पट्ट्यातली ज्वारी हमीभावाने घ्या आणि माणशी पाच किलोंपैकी निदान दोन किलो ज्वारी याच जिल्ह्यांतल्या रेशनकार्डावर द्या. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून दोन दिवस ज्वारी-बाजरीचा पदार्थ ठेवा, आणि ते करणाऱ्या बायांचे मानधन त्या प्रमाणात वाढवा. गटांना भाकरीचे यंत्र आणि गिरणी यांसाठी कर्ज द्या. यातून शेतकऱ्याला गिऱ्हाईक, बाईला उसंत आणि पोराला भाकरी, अशी तीन कामे एका पैशात होतील. सध्या आपण पंजाब-हरियाणाचा गहू रेल्वेने आणतो आणि दारची ज्वारी व्यापाऱ्याच्या दारात पडत्या भावाने नेऊन टाकतो.

निवडणुकीत गावात येणाऱ्यांना रस्ता आणि सभामंडप तर मागतोच आपण. एकदा रेशनची ज्वारीही मागून पाहावी.

शेवटी घरचेच

जुन्या वाड्यांत ज्वारी साठवायची पेवे अजून कुठे कुठे आहेत. बहुतेक बुजली. कणग्या माळ्यावर पडल्या. धान्य साठवणारे घर वर्षाचा विचार करत होते, पुडा घेणारे घर उद्या सकाळपुरता करते. यात दोष घराचा नाही, त्याला तसे जगायला भाग पडले आहे. पण जेवढे आपल्या हातात आहे तेवढे तरी करता येईल. या फाल्गुनात ज्याच्या खळ्यावर ज्वारी येईल त्याने सगळी विकण्याआधी घराची वर्षाची बेगमी बाजूला काढावी. कडुनिंबाचा पाला घालून दोन पोती कोपऱ्यात ठेवावीत. ज्याला शेत नाही त्याने गटातल्या चौघा-पाचजणांबरोबर मिळून सुगीत, भाव उतरलेला असताना पोते घ्यावे आणि पैसे हप्त्याने फेडावेत. रोजचे दहा रुपये त्यातच भागतात, हा हिशेब वर केलाच आहे.

वर्षाला एक क्विंटल मालदांडी की सातशेतीस रिकामी पाकिटे? पाकिटे गटारात अडकून पावसाळ्यात गावाला पाणी दाखवतात. ज्वारीच्या पोत्यामागे निदान कडबा तरी उरतो, आणि तो गाय खाते.

उद्या सकाळी थांब्यावर जाल तेव्हा एवढा हिशेब मनात असू द्या. चहा घ्या. पुड्याचे मात्र घरी एकदा बोलून ठरवा, आणि बोलताना आधी घरच्या बाईला विचारा.